मागच्या सीटवर कोण बसतं?

गेल्या महिन्यात गाडी बदलली. फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय दिली आणि माझदा एमएक्स-५ घेतली. म्हणजे पाच दारांची, पाच माणसांची, २२० हॉर्सपॉवरची गाडी देऊन दोन दारांची, दोन माणसांची, १३१ हॉर्सपॉवरची, कापडी टपाची गाडी आणली. दोन्ही वापरलेल्याच, त्यामुळे पदरचे फारसे गेले नाहीत. पण इज्जत मात्र गेली.

मी राहतो इंग्लंडात, ब्रिस्टलच्या जवळ. इथल्या आपल्या मंडळींत ही बातमी पसरायला एक आरती आणि एक प्रसादाची वाटी एवढा वेळ पुरला. प्रतिक्रिया तीनच प्रकारच्या. ज्येष्ठ मंडळी: "अरे पण मागे कोण बसणार?" गाड्यांतलं कळणारी मंडळी: "पॉवर कमी करून घेतलीस? वेडा आहेस का?" आणि समवयस्क मंडळी काहीच बोलली नाहीत, नुसती हसली. त्या हसण्याचा अर्थ "चाळिशी लागली वाटतं" असा होता.

तर मंडळी, हे स्पष्टीकरण नाही. स्पष्टीकरण आरोपी देतो. हे भांडण आहे.

आधी एक सांगून टाकतो: जीटीआय झकास गाडी होती. चार वर्षांत एकदाही रस्त्यात बंद पडली नाही, थंडीत पहिल्या सेल्फला सुरू व्हायची, हायवेवर लोण्यासारखी चालायची. तिच्याबद्दल वाईट बोलणार नाही. भांडण तिच्याशी नाहीच. भांडण आहे ते "जास्त पॉवर म्हणजे जास्त मजा" या समजुतीशी, आणि त्याहून जास्त, "उपयोग काय?" या आपल्या लाडक्या प्रश्नाशी.

आता जरा इतिहास. (कंटाळू नका, दोनच परिच्छेद आहे.)

सप्टेंबर १९७५ मध्ये फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात फोक्सवॅगननं पहिली गोल्फ जीटीआय दाखवली, आणि १९७६ पासून ती विकायला आली. १.६ लिटरचं इंजिन, ११० हॉर्सपॉवर, वजन ८१० किलो. कंपनीला वाटलं होतं, ५००० खपल्या तरी पुष्कळ. पहिल्या पिढीतल्या जीटीआय खपल्या साडेचार लाखांहून जास्त! कारण सोपं होतं. साध्या घरगुती गाडीचंच अंग, तीच डिकी, तेच बाक, आणि पुढे एक चपळ इंजिन. सोमवारी ऑफिस, रविवारी घाट. गुनहिल्ड लिलिएक्विस्ट नावाच्या बाईंनी तिला चौकड्याच्या कापडाच्या सीट आणि गिअरच्या दांड्यावर गोल्फचा चेंडू दिला. सामान्य माणसाची थोडीशी वात्रट गाडी. यालाच पुढे लोक हॉट हॅच म्हणायला लागले.

आता २०२० च्या आठव्या पिढीकडे या. हॉर्सपॉवर २४५, वजन १४५० किलोच्या वर. पॉवर दुपटीहून जास्त झाली, हे सगळे सांगतात. वजन पावणेदोन पटींहून जास्त झालं, हे कोणी सांगत नाही. २०२४ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. त्यात पॉवर २६५ झाली आणि हातानं टाकायचा गिअर गायब झाला. गोल्फच्या चेंडूचा दांडाच गेला, म्हणजे चेंडू ठेवायचा कुठे?

ज्यांचं पोट सॉफ्टवेअरवर आहे त्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. पास्कल भाषा बनवणारे निक्लाउस विर्थ यांनी १९९५ साली एका लेखात तक्रार केली होती, की हार्डवेअर जितक्या वेगानं जलद होतं, त्याहून जास्त वेगानं सॉफ्टवेअर जड होत जातं. गाड्यांचं अगदी तेच झालं. इंजिन सुधारलं म्हणून वजन वाढवायला जागा झाली, वजन वाढलं म्हणून टायर रुंद केले, टायर रुंद केले म्हणून सस्पेन्शन कडक केलं, कडक झाल्यावर धक्के बसायला लागले म्हणून ते मऊ-कडक करणारी इलेक्ट्रॉनिक्स घातली, आणि तिचं वजन पुन्हा वाढलं. प्रत्येक पायरी तपासून पाहा, बरोबरच वाटेल. सगळ्या मिळून पाहिल्या तर मूळ वस्तूच हरवलेली.

आणि मग हरवलेलं परत आणायचं कसं? खोटं आणायचं. माझ्या जीटीआयमध्ये पुढच्या काचेखाली एक लहानसं यंत्र होतं. इंजिनाचा आवाज आत पुरेसा येत नाही म्हणून ते तिथला पत्रा थरथरवून आवाज तयार करायचं. आधी आवाज अडवायला जाड काचा आणि मऊ अस्तर लावायचं, आणि मग आवाज करायला यंत्र बसवायचं. आमच्या क्षेत्रात असा कोड लिहिला तर रिव्ह्यूमध्ये चार जण हसतील.

आता दुसरी बाजू. माझदा म्हटलं की आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर स्वराज माझदा येते. शाळेची मिनीबस, नाहीतर भाजीचा ट्रक. तर त्याच माझदाचे केनिची यामामोटो हे मोठे इंजिनिअर. १९७९ मध्ये बॉब हॉल नावाच्या एका अमेरिकन मोटार-पत्रकारानं त्यांना सुचवलं, की जुन्या ब्रिटिश धर्तीची हलकी, साधी, उघड्या टपाची गाडी आता कोणी बनवत नाही, तुम्ही बनवा. ब्रिटिशांनी ही कला जवळपास सोडूनच दिली होती. एमजीचा ॲबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला. लोटस इलान तर त्याच्याही आधी संपली होती. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९८९ मध्ये, शिकागोच्या प्रदर्शनात एमएक्स-५ आली. पुढे इंजिन, मागच्या चाकांना ताकद, वजन ९४० किलो. आणि २०१५ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीचं जपानमधल्या साध्या मॉडेलचं वजन? ९९० किलो. पाव शतकात एअरबॅग वाढल्या, पत्रा मजबूत झाला, इलेक्ट्रॉनिक्स आली, आणि वजन वाढलं पन्नास किलो. तेवढं तर माझंच वाढलं असतं, बायकोनं लक्ष ठेवलं नसतं तर :-)

म्हणजे वजन वाढणं ही काही निसर्गाची सक्ती नाही. कोणीतरी "नको" म्हणायला लागतं, एवढंच.

आता आकडेमोड. १९७६ च्या जीटीआयला दर हजार किलोमागे साधारण १३५ हॉर्सपॉवर. माझ्या १.५ लिटरच्या एमएक्स-५ ला १३० च्या आसपास. शून्य ते शंभर: त्या जीटीआयला नऊ सेकंदांच्या आसपास, हिला सव्वाआठच्या थोडं वर. हातानं टाकायचा गिअर, अरुंद टायर, कमी वजन. जोर पुढच्या चाकांऐवजी मागच्या चाकांना आहे हे खरं, पण बाकी स्वभाव पाहिलात तर ही त्या जीटीआयची सख्खी भाची शोभते. माझी मागची गाडी तिची नात होती खरी, पण ती मोठ्या पगारावर लागून जाड झालेली. मी हॉट हॅच सोडली असं लोक म्हणतात. हॉट हॅचनंच आपलं घर सोडलं, मी फक्त जुन्या पत्त्यावर गेलो.

माझदावाले याला "जिन्बा इत्ताई" म्हणतात. घोडा आणि स्वार एकजीव, असा त्याचा अर्थ. हे जपान्यांनी आपल्याला सांगावं लागतं, ही खरी गंमत. भीमथडीच्या घोड्यावर बसून जड फौजांना दमवलेल्या लोकांचे आपण वंशज. तो घोडा उंच नव्हता, दिसायला रुबाबदार नव्हता, पण हलका होता, काटक होता आणि डोंगरात स्वाराचं ऐकायचा. बरं, घोडा फार जुना झाला असेल तर यामाहा आरएक्स-१०० आठवा. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजन जेमतेम १०० किलो. १९९६ मध्ये बंद झाली, तरी अजून लोक तिच्यासाठी तोंडाला येईल ती किंमत देतात. का? आज तिच्या दुप्पट ताकदीची मोटरसायकल कोणीही हप्त्यावर घेऊ शकतो. आरएक्सचं पिकअप इंजिनातून कमी आणि हलकेपणातून जास्त यायचं, हे कॉलेजात तिच्या मागे बसलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

आता प्रत्यक्ष रस्त्यावर चला. साउथ वेल्समध्ये ए ४०६९ नावाचा रस्ता आहे, ब्लॅक माउंटनच्या अंगावरून जाणारा. उघडा माळ, दोन्ही बाजूंना कुंपण नाही, मेंढ्या रस्त्यावर हक्कानं बसलेल्या. इथे वेगमर्यादा ताशी ६० मैल, म्हणजे ९६ किलोमीटर. जीटीआय तिथे काय करायची? दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच मर्यादेला टेकायची आणि मग कंटाळायची. गाडी जागी व्हायला लागायची तेव्हा वेग असा असायचा, की पुढच्या वळणावर मेंढी असली तर मेंढीही गेली, मीही गेलो आणि लायसन्सही गेलं. सगळी मजा कायद्याच्या आणि अकलेच्या पलीकडे ठेवलेली. उंच फळीवर लाडवाचा डबा ठेवावा तशी.

ही छोटी गाडी ताशी ४० मैलालाच जागी असते. वळणात शिरताना पुढच्या टायरवर किती भार आलाय ते स्टिअरिंगमधून कळतं. गिअरचा दांडा जेमतेम दोन-तीन इंच हलतो आणि खट्‌कन बसतो. इंजिन पिळून घ्यावं लागतं, गिअर योग्य वेळी टाकावा लागतो, नाहीतर चढावर ती सरळ सांगते, "तुझं लक्ष नाहीये." थोडक्यात, तिच्यात ड्रायव्हरला काम आहे. जीटीआय माझं काम स्वतःच करून टाकायची आणि मला मार्क द्यायची.

आणि टप उघडा असतो. लोकांना वाटतं टप उघडतात तो दिसण्यासाठी. अहो, या देशात आठ अंश तापमानात कानटोपी घालून, हीटर पायांवर सोडून बसलेला माणूस कसा दिसतो ते एकदा बघा. टप उघडायचा तो वासासाठी. कापलेलं गवत, ओली पानं, शेणखत, कुठेतरी लाकडाचा धूर. चार वर्षं मी याच रस्त्यांवरून गेलो, आणि या गावांना शेणखताचा वास येतो हे मला काच बंद असल्यामुळे माहीतच नव्हतं. परदेशात येऊन गावाकडचा वास फुकट मिळतोय, अजून काय पाहिजे?

आता आक्षेप. एकेक घेतो.

आक्षेप पहिला: मागे कोण बसणार? माझा प्रतिप्रश्न: आत्तापर्यंत कोण बसत होतं? आम्ही घरात दोघं. चार वर्षांत मागच्या सीटवर सगळ्यात जास्त प्रवास माझ्या जॅकेटनं केला. मग भाजीच्या पिशव्यांनी. माणसं बसली ते प्रसंग बोटांवर मोजता येतील. "पण आई-बाबा आले तर?" येतात की. दोन वर्षांतून एकदा, सहा आठवडे. तेवढ्या दिवसांसाठी भाड्यानं मोठी गाडी मिळते. दिवाळीच्या सेलला गर्दी होते म्हणून वर्षभर दहापट सर्व्हर चालू ठेवा असं सुचवणाऱ्या आर्किटेक्टला आपण मीटिंगमधून बाहेर काढू. पण गाडी घेताना तोच हिशेब आपल्याला शहाणपणाचा वाटतो. (घरात दोन पोरं असतील आणि गाडी एकच असेल, तर हा परिच्छेद तुमच्यासाठी नाही. तुम्ही हॅचबॅकच घ्या, आणि सुखी राहा.)

आक्षेप दुसरा: डिकी. गोल्फची ३८० लिटर, हिची १३०. मान्य. पण १३० लिटरमध्ये दोघांच्या दोन मऊ बॅगा आणि आठवड्याची भाजी बसते. फ्रीज बसत नाही. फ्रीज गोल्फमध्येही बसत नव्हता.

आक्षेप तिसरा: सुरक्षितता. हा एक खरा आक्षेप आहे, म्हणून तो हसण्यावारी नेणार नाही. युरो एनकॅपच्या २०१५ च्या चाचणीत या गाडीला पाचपैकी चार तारे मिळाले. त्या पिढीच्या गोल्फला २०१२ मध्ये पाच. समोरून दोन टनांची एसयूव्ही आली तर मी हलक्या बाजूला असणार. ही किंमत आहे आणि ती मी मोजतोय. पण हिशेबाचा दुसराही रकाना मांडा. ज्या गाडीत ताशी ४० मैलाला मन भरतं, ती गाडी ८० ला नेण्याचा मोह होत नाही. रस्त्यावर मी एकटा नाही. सायकलवाले आहेत, घोड्यावर बसलेल्या मुली आहेत, मेंढ्या आहेत. त्यांच्या बाजूनं विचाराल तर त्यांना माझ्या हाती कमी वजनाची आणि कमी वेगाची गाडीच परवडेल. आणि हो, हा प्रश्न मला विचारणाऱ्या काकांनी चेतकवर पुढे एक पोरगं उभं, मागे काकू, मध्ये दुसरं पोरगं, असं पुणं पालथं घातलेलं आहे.

आक्षेप चौथा: ही शायनिंगची गाडी आहे. इंग्रज तर एक पाऊल पुढे जाऊन हिला केस कापणाऱ्यांची गाडी म्हणतात. म्हणोत. दिवसभर उभं राहून, लोकांची बडबड ऐकून, स्वतःच्या कमाईतून एखाद्यानं रविवारसाठी अशी गाडी घेतली असेल तर त्याला नमस्कार. आणि शायनिंगच करायची असती तर सिग्नलला डिझेल व्हॅन पुढे निघून जाईल अशी गाडी घेतली नसती.

पाचवा आक्षेप पुण्याहून आला: "इथे चालेल का?" नाही चालणार. धूळ, ऊन, खड्डे, आणि शिवाय माझदा ही गाडी भारतात अधिकृतपणे विकतच नाही. पण जीटीआय तरी कुठे सामान्यांची राहिली? २०२५ मध्ये ती भारतात आली ती आयात होऊन, सुमारे ५३ लाखांना. आणि आपल्याकडे प्रयत्न झालेच नाहीत असं समजू नका. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची छोटी गाडी बनायला लागली. फायबरची बॉडी, रेनॉचं १.२ लिटरचं इंजिन, ६० हॉर्सपॉवर. अलिबागजवळ चिंकारा नावाच्या छोट्या कारखान्यानं लोटस सेव्हनच्या धर्तीची उघडी रोडस्टर बनवली. दोन्ही फारशा खपल्या नाहीत. तुमच्यापैकी किती जणांनी त्यांची नावं तरी ऐकली होती? पण त्या बनवणाऱ्यांना काहीतरी कळलं होतं. आपण बघायला गेलो असतो तरी पहिला प्रश्न काय विचारला असता? "मागे कोण बसणार?" आणि दुसरा: "किती देते?"

आणि इथे मूळ मुद्द्याशी येतो. "उपयोग काय?" हा प्रश्न आपल्या आई-वडिलांनी विचारला तो नाइलाजानं. माझ्या बाबांकडे येझदी होती. धुऊन पुसून ठेवलेली, रविवारी खडकवासल्याला जाऊन यायची. मी झाल्यावर ती विकून नंबर लावलेली चेतक घेतली. कारण चेतकवर तिघं बसतात, पुढे पिशवी अडकवता येते, स्टेपनी असते. उपयोगी गाडी. बाबांनी त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही, पण अजूनही रस्त्यातून येझदी गेली की त्यांची मान वळते. त्यांचा निर्णय बरोबरच होता. पगार एक, तोंडं तीन, वाहन एक.

पण माझ्यावर ती वेळ नाही. तरी मी उपयोगाचाच हिशेब मांडत बसलो, तर त्यांच्या काटकसरीचं मी फक्त सोंग करतोय. त्यांनी गरजेपोटी केलं ते आपण सवयीनं करतो आणि त्याला संस्कार म्हणतो. म्हणून तर हॉट हॅच आपल्याला इतकी आवडते! तिच्यात मजा "उपयोग" या नावाखाली दडवून घरात आणता येते. "पाच सीट आहेत, डिकी मोठी आहे, आणि हो, जराशी पळतेही." आपल्या आवडीला पाच सीटचं सर्टिफिकेट लागतं.

"रिटायर झाल्यावर घे की" असंही एकानं सुचवलं. या गाडीत बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवर मांडी घालायची. उतरताना हात टेकून उठायचं. मंडळी, ही गाडी गुडघ्यांवर चालते. मागच्या वेळी बाबा आले तेव्हा मित्राच्या अशाच गाडीत त्यांना बसवायला नेलं. बसले आनंदानं, पण उतरवायला दोघं लागलो. परत "एक चक्कर मारू या" म्हटल्यावर हसून नको म्हणाले. पेन्शन सुरू होते तेव्हा गुडघे बंद पडतात, असा हा सौदा आहे. शिवाय इंग्लंडात २०३० नंतर नुसत्या पेट्रोलवर चालणाऱ्या नव्या गाड्या विकता येणार नाहीत. फोर्डनं २०२३ मध्ये फिएस्टा बंद केली, तिच्याबरोबर तिची हॉट हॅचही गेली. पुढच्या विजेच्या गाड्या चांगल्याच असतील, मीही घेईन. पण बॅटऱ्या आज तरी जड आहेत, आणि हलकी गाडी ही चीज दुकानात फार दिवस मिळेलच असं नाही.

तेव्हा माझं म्हणणं इतकंच. मोठं कुटुंब असेल तर मोठी गाडी घ्या. पण रिकाम्या सीट वाहून नेण्याला जबाबदारी म्हणू नका, आणि जी ताकद तुम्ही कधीच वापरणार नाही तिला मजा म्हणू नका. मागे कोण बसणार ते नंतर बघू. पुढे बसलेल्याला गाडी चालवायला मिळतेय की नाही, हे आधी विचारा.

असो. बाहेर ऊन पडलंय, आणि या देशात त्याचा काही भरवसा नाही. टप उघडून निघतो. शेजारची सीट रिकामी आहे, येणार असाल तर कानटोपी घेऊन या.